तोलामोलाची जोड : मैदानातील चुरस आणि न्याय



या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, हा मी माझा बहुमान समजतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी वर्ग आणि मैदान यांत कधी भेद मानला नाही, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा काव्यावर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज खेळावर बोलणार आहे. आणि तोही अशा खेळावर, की ज्याचे नाव काढताच या सभागृहातील पालकांच्या कपाळाला आठी पडावी.

बेळगावात, निपाणीत, खानापूर-चिकोडीच्या खेड्यांत संध्याकाळी कट्ट्यावर चार-पाच मुले माना खाली घालून बसलेली दिसतात. ती एकमेकांशी बोलत असतात, पण एकमेकांकडे पाहत नसतात. ती जो खेळ खेळत असतात त्याला ती अजून 'पब्जी' म्हणतात. हा खेळ २०१७ साली संगणकावर आणि २०१८ साली मोबाइलवर आला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्याच्यावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तो 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा काढून घेण्यात आला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ साली बेळगाव परिसरातील एका घरात या खेळाच्या नादातून जो अनर्थ घडला, तो आपण विसरलेलो नाही. व्यसनाचा प्रश्न खराच आहे, गंभीर आहे आणि तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आज मी त्याच खेळाच्या पोटातील दुसऱ्या एका प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. तो प्रश्न न्यायाचा आहे.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात. उतरताना सर्वांचे हात रिकामे असतात. घरांतून, वखारींतून शस्त्रे शोधायची, समोरच्यांना बाद करायचे आणि स्वतः टिकायचे. भोवतीचे सुरक्षित वर्तुळ आकसत जाते. अखेर एकटा किंवा चौघांचा एक चमू उरतो. तो जिंकला, बाकीचे सारे हरले. आता विचार करा. कबड्डीत दोन संघांपैकी एक हरतो. येथे एकेकट्याच्या डावात नव्व्याण्णव हरतात. मग हे नव्व्याण्णव दुसऱ्या दिवशी परत का येतात?

माझ्या मते याचे उत्तर एकाच वाक्यात देता येते. हरलेल्याला जोवर वाटते की आपल्यालाही जिंकता आले असते, तोवर तो परत येतो. ज्या दिवशी त्याला वाटते की हा डाव आपल्यासाठी नव्हताच, त्या दिवशी तो उठून जातो. म्हणून खेळातील न्यायाची कसोटी विजेत्याच्या गळ्यातील हारावर लागत नाही. हरलेला गडी दुसऱ्या दिवशी मैदानात येतो की नाही, यावर ती लागते. चुरस आणि न्याय यांना आपण परस्परविरोधी समजतो. न्याय फार पाहिला तर चुरस मरते आणि चुरस वाढवली तर न्यायाचा बळी जातो, असे आपल्याला वाटते. वस्तुतः चुरस ही न्यायाच्याच पोटी जन्म घेते. जोड तोलाची नसेल तर चुरस कुठली?

चंद्र की सूर्य?

हा विचार पाश्चात्त्य संगणकतज्ज्ञांनी प्रथम केला, असा कोणाचा समज असेल तर तो आपल्या अंगणातच दूर होईल. आट्यापाट्या किंवा विटीदांडू सुरू होण्यापूर्वी गडी कसे वाटून घेतले जात, ते आठवा. दोन म्होरके समोर उभे राहत. उरलेली मुले आपापल्या तोलाचा सवंगडी शोधून त्याच्याशी जोडी जमवीत, गळ्यात हात घालून बाजूला जात आणि आपसांत गुपित नावे ठरवीत. मग परत येऊन म्होरक्याला विचारीत, "चंद्र पाहिजे की सूर्य?" म्होरका सूर्य मागे, जो सूर्य असेल तो त्याच्याकडे जाई, चंद्र पलीकडे.

या साध्या रीतीत किती शहाणपण साठवले आहे पाहा. कोण कोणाच्या तोलाचा, हे मुले स्वतःच ठरवीत, कारण आपले बळ आपल्याइतके दुसऱ्याला ठाऊक नसते. निवड म्होरक्याच्या हाती असे, पण नावामागे कोण आहे हे त्याला माहीत नसल्यामुळे पक्षपाताला वाव नसे. आणि हे सारे सर्वांच्या देखत होई. दोन्ही बाजू सारख्या होत, आणि म्हणूनच खेळ अंधार पडेपर्यंत रंगत असे.

दुसरा शब्द आहे 'कच्चे लिंबू'. मोठ्या भावंडांबरोबर आलेल्या लहानग्याला खेळात घेतले जाई. तो बाद झाला तरी बाद धरला जात नसे. त्याचा हिरमोड होऊ नये आणि मोठ्यांच्या खेळाचा विचकाही होऊ नये, अशी ही तडजोड होती. नवशिक्याला सामावून घेण्याचा हा नियम आहे, आणि त्याचे मर्म असे की तो कच्चे लिंबू आहे हे सर्वांना माहीत असे. बहुधा त्यालाही माहीत असे.

आजच्या मोबाइलच्या खेळातही कच्चे लिंबू असते. नवख्या खेळाडूच्या डावात पुष्कळसे प्रतिस्पर्धी माणसे नसतात. ती यंत्राने चालविलेली बाहुली असतात. मुले त्यांना 'बॉट' म्हणतात. ती नेम चुकवतात, उघड्यावर उभी राहतात आणि सहज बाद होतात. नवख्याला चार विजय मिळतात, त्याचा हुरूप वाढतो. हेतू वाईट नाही. पण त्याला हे कोणी सांगत नाही. पहिल्या आठवड्यात तो स्वतःला अर्जुन समजतो आणि पुढच्या पायरीवर खरी माणसे भेटली की त्याचा पार धुव्वा उडतो. अंगणातील कच्च्या लिंबाला दया मिळत होती आणि सत्यही मिळत होते. येथे दया मिळते, सत्य मिळत नाही.

वस्तादाची नजर आणि प्राध्यापकाचे गणित

मोठ्यांच्या खेळाकडे वळू. आपला मुलूख कुस्तीचा. बेळगावचा आनंदवाडीचा आखाडा काय किंवा यात्रेच्या निमित्ताने गावोगाव भरणारी मैदाने काय, कुस्तीइतके प्रेम येथे दुसऱ्या खेळाच्या वाट्याला आले नाही. याच बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली हिंदकेसरी झाले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंची गावे हळहळली. कुस्तीच्या मैदानात सर्वांत अवघड काम कोणते, असे जाणकाराला विचारले तर तो सांगेल, जोड लावणे. दोन पैलवान समोर उभे करून वस्ताद त्यांचे वय, बांधा, तयारी, मागच्या कुस्त्या हे सारे नजरेने तोलतो. जोड चुकली तर एक डाव होऊन कुस्ती संपते आणि प्रेक्षक खवळतात. जोड जमली तर अर्धा तास कोणी जागचे हलत नाही.

कुस्तीतील आणखी एक रीत मला फार मोलाची वाटते. हात मिळवण्यापूर्वी पैलवान एकमेकांच्या अंगाला माती लावतात. अंग निसरडे राहिले तर पकड बसणार नाही. म्हणजे समोरच्याला मला धरता यावे, याची सोय मीच करून द्यायची, आणि नंतर जिवाच्या आकांताने लढायचे. न्याय आणि चुरस यांचा संगम याहून सुंदर कोणत्या कृतीत दिसेल, मला ठाऊक नाही.

वस्तादाच्या नजरेला मर्यादा आहे. तो शंभर पैलवान ओळखील; लक्षावधी अनोळखी माणसांच्या जोडी लावायच्या तर नजर पुरणार नाही. तेथे गणित लागते. हे गणित प्रथम बुद्धिबळासाठी मांडले गेले. अमेरिकेतील मिलवॉकी येथे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक असलेले, जन्माने हंगेरियन असे अर्पाद इलो यांनी ही पद्धत बसवली. १९६० साली अमेरिकेच्या आणि १९७० साली जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती स्वीकारली. प्रत्येक खेळाडूच्या नावावर एक आकडा असतो. दोघांचे आकडे सारखे असतील तर दोघांनाही निम्मी संधी. फरक २०० गुणांचा असेल तर वरचढाने शंभरांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, ४०० चा असेल तर सुमारे ९१, अशी अपेक्षा. अपेक्षेप्रमाणे निकाल लागला तर आकडा थोडाच हलतो; दुबळ्याने बलवानाला हरवले तर तो भरभर चढतो. बलवानाने दुबळ्याला चिरडून फारसे काही मिळत नाही, ही या गणितातील नीती मला विशेष भावते.

पुढे २००५ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी नेमबाजीच्या सामूहिक खेळांसाठी यात भर घातली. त्यांनी प्रत्येकासाठी दोन आकडे ठेवले : एक कौशल्याचा अंदाज, आणि दुसरा त्या अंदाजाविषयीची शंका. नवखा आला की शंका मोठी असते; जसजसे डाव होतात तसतशी ती घटते. परगावच्या अनोळखी पैलवानाला वस्ताद पहिल्याच कुस्तीत मोठ्या नावाशी भिडवत नाही, तोच हा विवेक आहे.

या पद्धतीविरुद्ध सर्वांत मोठी तक्रार कोणाची असावी? कसलेल्या खेळाडूंची. त्यांचे म्हणणे असे की प्रत्येक डावात तोडीस तोड माणूस समोर आला तर खेळ म्हणजे रोजची परीक्षा होते; कधी तरी सोपा डाव मिळू नये काय? २०२४ साली 'कॉल ऑफ ड्यूटी' या खेळाच्या कंपनीने आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. जोडी लावताना कौशल्याचा विचार त्यांनी काही काळ सैल केला. तेव्हा कसलेले खेळाडू खूश झाले, पण दुबळे खेळाडू खेळ सोडून जाऊ लागले. आणि यातली मेख अशी, की सर्वांत तळचे निघून गेले म्हणजे त्यांच्या वरचे आपोआप तळचे होतात. मग तेही जातात. हे असेच चालू राहिले तर शेवटी कसलेल्यांना आपसांतच खेळावे लागेल. सोपा डाव मागणारा हे विसरतो की त्याचा सोपा डाव हा दुसऱ्या कोणाचा तरी शेवटचा डाव असतो.

आपल्या महाकाव्याला हे ठाऊक होते. भीष्मपर्वाच्या आरंभी, युद्ध सुरू होण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी नियम ठरवले : रथीने रथीशी लढावे, गजारूढाने गजारूढाशी, पायदळाने पायदळाशी, जो पाठ फिरवून निघाला किंवा ज्याच्या हाती शस्त्र उरले नाही, त्याला मारू नये. हे नियम पुढे एकामागून एक मोडले गेले आणि युद्धाचा संहार कसा झाला, ते आपण जाणतो.

शस्त्राचा तोल आणि एकलव्याचा अंगठा

जोड तोलाची झाली तरी प्रश्न सुटत नाही. हातातील शस्त्रे तोलाची हवीत. एकच बंदूक सर्वांहून सरस ठरली तर सगळे तीच शोधणार आणि बाकीची वीस शस्त्रे अडगळ होणार. खेळाचे निर्माते म्हणून वेळोवेळी एखाद्या शस्त्राचा मारा कमी करतात, एखाद्याचा वाढवतात. यात एक नमुनेदार युक्ती आहे. या खेळातील अत्यंत जबर अशी दूर पल्ल्याची बंदूक घरांत सापडत नसे. ती विमानातून टाकलेल्या पेटीतूनच मिळे. पेटी पडली की तिच्यातून लाल धूर निघतो आणि तो चहूकडे दिसतो. ज्याला ते शस्त्र हवे त्याने उघड्यावर जायचे, सर्वांच्या नजरेसमोर. बळ मिळेल, पण त्याची किंमत धोक्याच्या रूपाने आधी मोजावी लागेल. येथे बळाला बंदी नाही. बळाला किंमत आहे. ही तोल साधण्याची उत्तम रीत होय.

याच्या उलट रीत कोणती, तेही महाभारतच सांगते. एकलव्य अर्जुनाहून सरस धनुर्धर निघाला. त्याने ती विद्या मातीच्या पुतळ्यासमोर, स्वतःच्या श्रमाने मिळवली होती. द्रोणाचार्यांनी तोल साधला तो त्याचा अंगठा मागून. स्पर्धेतील एक अडचण दूर झाली, अर्जुनाचे अग्रस्थान टिकले. पण त्या दिवशी गुरुत्वाला जो डाग लागला तो अजून पुसला गेलेला नाही.

या दोन कथा शेजारी ठेवल्या की नियम आपोआप हाती येतो. शस्त्राचे बळ कमी करावे. अंगठा मागू नये. साधन सर्वांना सारखे असावे, ते महाग करावे, दुर्मिळ करावे, त्याची धार बोथट करावी, हे सारे न्यायात बसते. पण माणसाने रात्रंदिवस घाम गाळून मिळवलेले कौशल्य मोडून काढणे, त्याचा नेम मुद्दाम चुकवणे, त्याच्या नकळत त्याचे हात बांधणे, हा न्याय नव्हे. ज्या खेळात कौशल्याला फळ नाही, तो जुगार. कसलेल्याला त्याच्या तोलाचा प्रतिस्पर्धी द्यावा. तोच त्याचा मान आहे.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे उदाहरण यासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले ते ५७ किलोंच्या गटात. वजनाचे गट नसते तर या लहानखुऱ्या माणसाचे असामान्य कौशल्य जगाला दिसले असते काय? गट पाडल्याने स्पर्धा सौम्य झाली नाही. जे कौशल्य वजनाखाली दडपले गेले असते, ते गटामुळे उजेडात आले.

गरिबाचा फोन आणि दूरचा मनोरा

आता ज्या विषमतेविषयी फारसे कोणी बोलत नाही, तिच्याकडे वळतो. ती आमच्या सीमाभागातील मुलांच्या रोजच्या अनुभवाची आहे. कागदोपत्री बेटावर उतरलेले शंभर जण समान असतात. पण एकाच्या हाती महागडा फोन असतो. तो सेकंदाला ९० चित्रे दाखवतो. दुसऱ्याच्या हाती वडिलांनी हप्त्याने घेतलेला साधा फोन असतो. तो ३० चित्रे दाखवतो. पहिल्याला दर ११ मिलिसेकंदांनी नवे दृश्य दिसते, दुसऱ्याला दर ३३ मिलिसेकंदांनी. दोघे एकाच वेळी कोपऱ्यावरून वळले तर कोण कोणाला आधी पाहील, हे सांगायला प्राध्यापक नको. शिवाय शहरात संदेश जाऊन यायला २०-३० मिलिसेकंद लागतात, तर खेड्यात, जेथे मनोरा दूर असतो, तेथे शंभरावर जातात. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या आईचा मुलगा आणि शहरातील सुखवस्तू घरातील मुलगा एकाच बेटावर उतरतात खरे. पण एकाला तेथे जरा उशिराचे जग दिसत असते.

या उशिरावर अभियंत्यांनी एक उपाय काढला आहे आणि त्यातला पेच तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवावा असा आहे. गोळी झाडली गेली की मधले यंत्र घड्याळ क्षणभर मागे फिरवते आणि पाहते, झाडणाऱ्याला त्या क्षणी समोर काय दिसत होते? त्याला शत्रू दिसत असेल तर गोळी लागली असे ठरते. दूरच्या खेड्यातील मुलाला यामुळे न्याय मिळतो. त्याच्या नेमाचे फळ त्याला मिळते. पण ज्याला गोळी लागली तो तोपर्यंत भिंतीआड पोचलेला असतो. तो म्हणतो, मी तर सुरक्षित होतो, मग मेलो कसा? दोघेही खरे बोलत असतात. एकाला दिलेला न्याय दुसऱ्याला अन्याय वाटतो, कारण दोघांचा काळ एक नाही. पूर्ण निर्दोष उपाय येथे नाहीच. हा भार कोणी किती उचलायचा, एवढेच ठरवता येते. बऱ्याच खेळांत म्हणून घड्याळ मागे नेण्याला मर्यादा घालतात, म्हणजे फार संथ जोडणीवाल्याचा भुर्दंड सर्वांवर पडू नये.

साधनांतील विषमता पूर्णपणे काढता येत नसेल, तर निदान सारख्यांना सारख्यांत ठेवावे. संगणकावर पब्जीचा मोबाइल खेळ चालवणाऱ्यांना वेगळ्या डावात टाकत, ते याच न्यायाने. आणि निदान पैसे देऊन जबर शस्त्र विकत घेता येऊ नये. या खेळात पैसे प्रामुख्याने पोशाखांवर आणि शस्त्रांच्या रंगरूपावर खर्च होतात. मुलांचे पैसे त्यात जातात, हे वाईटच. २०२१ साली खेळ परत आला तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास आणि सात हजार रुपये अशी मर्यादा घातली होती. सात हजार! आमच्या भागात तेवढ्यात एखाद्या घराचा महिन्याचा किराणा येतो. परंतु भरजरी लंगोट घातल्याने कुस्ती जिंकता येत नाही, हे तत्त्व तेथे पुष्कळसे पाळले जाते, एवढे मान्य केले पाहिजे.

शकुनीचा डाव

उरतो तो कपटाचा प्रश्न. नेम आपोआप धरून देणारी, भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारी चोरटी साधने मिळतात आणि ती वापरणाऱ्यांना निर्माते हुडकून कायमचे बाहेर काढतात. हे उघड कपट झाले. याहून सूक्ष्म कपट असे, की कसलेला खेळाडू नवे नाव घेऊन नवख्यांच्या डावात शिरतो आणि त्यांना चिरडतो. किंवा एकाच्या नावावर दुसराच खेळून त्याचा हुद्दा वाढवून देतो.

सभापर्वातील द्यूत आठवा. पण दुर्योधन लावील आणि फासे शकुनी टाकील, असे ठरले, तेव्हा युधिष्ठिराने तत्काळ आक्षेप घेतला होता. एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणे मला विषम वाटते, असा त्याच्या म्हणण्याचा भाव आहे. 'विषम' हा शब्द लक्षात घ्यावा. तो नुसता 'चुकीचे' म्हणत नाही, 'जोड जमत नाही' असे म्हणतो. आक्षेप रास्त होता. पण त्या भरल्या सभेत तो ऐकून निर्णय देणारे कोणी नव्हते. धृतराष्ट्र आंधळा होता आणि डोळस होते ते गप्प होते. पुढचे सारे महाभारत त्या अनुत्तरित आक्षेपातून उद्भवले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

दिसणारा पंच

येथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. कोल्हापूरचे खासबाग मैदान आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले असता त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्या धर्तीवर हे मैदान उभारले. १९१२ साली ते खुले झाले. मधला हौद आणि भोवती चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना आहे. कोठेही बसा, कुस्ती दिसते. माझ्या दृष्टीने ही नुसती प्रेक्षकांची सोय नव्हे. सहस्रावधी डोळे पाहत असले की पंचाला चुकीचा निकाल देता येत नाही आणि पैलवानाला चोरटी पकड घेता येत नाही. जोड लावणारा वस्तादही तेथेच उभा असतो. जोड विजोड झाली तर कोणीही खेड्यातला म्हातारा उठून त्याला विचारू शकतो, "वस्ताद, ही काय जोड लावली?" आणि वस्तादाला उत्तर द्यावे लागते.

मोबाइलच्या खेळातील वस्ताद कोठे उभा असतो? तो दिसत नाही. त्याचे गणित वस्तादाच्या नजरेपेक्षा अचूक असेल, त्याचा हेतू शुद्धही असेल. पण मला हाच प्रतिस्पर्धी का मिळाला, माझ्या समोरचा माणूस होता की बाहुले, माझ्या बंदुकीची धार काल होती ती आज का नाही, या प्रश्नांची पूर्ण उत्तरे मुलाला मिळत नाहीत. मग तो तर्क करू लागतो : खेळच लबाड आहे, मला मुद्दाम हरवतात. खरे असो वा नसो, असे वाटू लागले की न्याय संपला. न्याय झाला पाहिजे आणि तो होताना दिसलाही पाहिजे, हे न्यायालयांचे जुने तत्त्व आहे. निकालाची वाट पाहणे म्हणजे काय आणि निकालामागची कारणे कळणे किती मोलाचे असते, हे सीमाभागातील माणसाला मी काय सांगावे!

२०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ई-क्रीडेला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत तिच्यासाठी पदके दिली गेली. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-क्रीडेला वेगळे स्थान दिले. म्हणजे उद्या आपल्या शाळेतील एखादा विद्यार्थी या खेळात देशाचे नाव काढील, अशी शक्यता आहे. ज्याला आपण क्रीडा म्हणणार, त्याच्याकडून क्रीडेचे नियम मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. जोड कशी लावली जाते ते सांगा, बाहुले असेल तर बाहुले म्हणा, शस्त्राचा तोल बदलला तर कारण द्या, आणि कोणाला बाहेर काढले तर त्याला दाद मागण्याची जागा ठेवा. चोराला हुडकण्याची युक्ती उघड करू नका, ते समजू शकते. बाकीचे उघड करा.

शिक्षक आणि पालक यांच्याही वाट्याला काही काम येते. मुलगा खेळून उठला की आपण विचारतो, "किती वेळ घालवलास?" हा प्रश्न विचारायलाच हवा. पण त्याबरोबर आणखी एक विचारावा : "जोड तोलाची होती का?" या प्रश्नाने तो प्रथम चकित होईल, मग बोलू लागेल. समोरचा दुबळा होता तर त्याला चिरडण्यात आनंद कसला, हरलास तर समोरचा कशात सरस होता, कोणी लबाडी केली तर तू काय केलेस, अशा बोलण्यातून न्यायबुद्धी घडते; ती उपदेशाने घडत नाही. आणि या शाळेच्या मैदानावर गडी वाटण्याची ती जुनी चंद्र-सूर्याची रीत पुन्हा सुरू करावी, अशी माझी क्रीडाशिक्षकांना नम्र सूचना आहे. ज्या मुलाने आपल्या तोलाचा सवंगडी स्वतः शोधला आहे, त्याला दुसऱ्याच्या यंत्राने लावलेल्या जोडीविषयी प्रश्न विचारता येतील.

हरणारे नेहमीच अधिक असतात. खेळात, परीक्षेत, आयुष्यातही. त्यांना पुन्हा मैदानात यावेसे वाटेल अशी व्यवस्था उभी करणे, हेच खेळाचे आणि शाळेचे काम आहे. गुरुजींनी आयुष्यभर हेच केले, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात.